घर नसल्याचा दाखला

१२ जानेवारी, सोमवार

घरांच्या सोडतीत नंबर लागला. छप्पन्नपैकी एकेचाळिसावा! नाव पुकारलं तेव्हा मी जागची हललेच नाही. शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं तेव्हा उभी राहिले, आणि उभं राहून करायचं काय ते न कळून परत बसले.

शिरूरची नगरपरिषद जुन्या कोंडवाड्याच्या जागेवर चार मजली बिल्डिंग बांधतेय. जागा तिची, काही पैसे वरच्या सरकारचे, आणि उरलेला खड्डा तिने स्वतःच्या बजेटमधून भरलाय. म्हणून तर आमच्यासारख्यांना झेपतंय. एक खोली, स्वयंपाकघर, आणि संडास आत. आत! इथे आम्ही पाच बिऱ्हाडं मिळून दोन संडास वापरतो. सकाळच्या रांगेत उभ्या उभ्या मी लेकीकडून, प्रांजलकडून पाढे पाठ करून घेतलेत. चौथीत आहे, एकोणतीसपर्यंत आलेत.

मल्हारला फोन केला. तो कारेगावला कंपनीत, सेकंड शिफ्टला. म्हणाला, "बरं." नवऱ्याच्या 'बरं'चे मला दहा प्रकार माहीत आहेत. हा चांगल्यातला होता.

१६ जानेवारी, शुक्रवार

खोलीमालक आप्पांनी सांगितलं, मेअखेर खोली रिकामी करा, मुलाचं लग्न आहे. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आणि ही सहावी खोली. दर वेळी अकरा महिन्यांचा करार, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी विचारायचं. आप्पा माणूस वाईट नाहीत. पण मला आता कुणालाच विचारायचं नाहीये.

फ्लॅट जूनमध्ये ताब्यात देणार म्हणतात. एखादा महिना कुठेही काढू.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हाफ डे टाकून नगरपरिषदेत गेले. घरांचं टेबल राजनंदिनी मॅडमकडे आहे. बाई शांत, एकच गोष्ट तीनदा विचारली तरी तोंड वाकडं करत नाहीत. कागदांची यादी दिली, त्यातला मोठा नियम असा — नवरा-बायकोच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि मागच्या वीस वर्षांत सरकारी घरकुल घेतलेलं नको. त्यासाठी ग्रामपंचायतीचा 'घर नसल्याचा दाखला' हवा. सासरच्या गावचा आणि माहेरच्या गावचाही.

मी म्हटलं, "माहेरचा कशाला मॅडम? मुलीच्या नावावर कुठं काय असतं?"

"नसतंच," त्या म्हणाल्या. "पण नियम आहे."

तीस मार्चला यादी बंद. मार्चअखेरच्या आत यादी वर गेली नाही तर बजेटमध्ये धरलेला नगरपरिषदेचा हिस्सा खर्ची पडत नाही आणि सगळंच अडतं. म्हणजे कुणासाठी थांबणार नाहीत. आपल्याला घर नाही हे इतकी वर्षं मला एकटीला माहीत होतं, आता ते आठ कागदांनी सिद्ध करायचंय.

महेंद्रला लगेच फोन लावला. धाकटा भाऊ, शिक्रापूरजवळ आमच्या गावी असतो. म्हणाला, "ताई, तू कशाला हेलपाटा घालती? ग्रामसेवक आपल्या बसण्या-उठण्यातला हाय. मी पाठवतो की." गुणाचं पोर. एक काम कमी झालं.

९ फेब्रुवारी, सोमवार

सासरच्या गावी जाऊन आलो, कुरकुंभच्या पलीकडे. दाखला मिळाला नाही.

तिथलं घरकुल सासूबाईंच्या, अनसाबाईंच्या नावावर होतं. त्या चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर वारस म्हणून तीन नावं लागली — सासरे, मल्हार आणि मल्हारची थोरली बहीण बायडाक्का. क्लार्क म्हणाला, "न्हाई देता येत. मल्हाररावांचा तिसरा हिस्सा हाय की."

दोन खोल्या, वर पत्रा. आम्ही वर्षातून तीन दिवस जातो, जत्रेला. राहतात आबा, म्हणजे माझे सासरे हरिबा, आणि अक्का. अक्काच्या नवऱ्याने दुसरी केली तेव्हापासून ती इथेच. कुरकुंभच्या एका कंपनीत झाडलोट करते आणि आबांना सांभाळते. त्या घराचा तिसरा हिस्सा म्हणजे आमचं पक्कं घर!

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, मल्हारने रीतसर नोंदवून हक्कसोडपत्र दिलं आणि त्याचं नाव कमी झालं तर चालेल. पण तीस मार्चच्या आत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भांडण. मल्हार म्हणतो, "हक्कसोड बहिणी देत्यात. भाऊ घेतो. भावानं बहिणीला दिल्यालं बघितलंय का कुठं? गाव हसंल."

मी म्हटलं, गाव हसेल तेवढं हसेल, आपल्याला मेअखेर सामान कुठे ठेवायचं ते गाव सांगणार आहे का? तेव्हापासून प्रांजल दोघांच्या मधून निरोप पोहोचवते. "आई, पप्पा म्हणतात डबा भर."

खरं तर मीसुद्धा दिलं होतं हक्कसोड. माझे वडील, बापू, गेल्यावर जमिनीचं, महेंद्रला. न वाचता सही केली होती. तेव्हा कुणी हसलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

महेंद्रला विचारलं, दाखल्याचं काय? ग्रामसेवक ट्रेनिंगला गेलाय म्हणे.

२२ फेब्रुवारी, रविवार

मल्हार एकटाच गावी जाऊन आला. आबांनी त्याला समोर बसवून सांगितलं म्हणे, "ती हितं हाय म्हनून माझ्या ताटात भाकर हाय. चुलीम्होरं ती आन् कागदावर तू. ही चूक माझी हाय, मल्हारी. मी जिता हाय तवर मिटव."

मला सांगताना तो दोनदा पाणी प्यायला. मग म्हणाला, गुरुवारी जाऊ दौंडला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दौंडच्या रजिस्टर ऑफिसबाहेर टपरीवर दस्त टाइप करून देणारे बसतात. त्यांच्यातल्या एकाला मल्हारने सगळं समजावलं. त्याने मान डोलावली, दहा मिनिटांत कागद काढले आणि अक्कापुढे ठेवले. अक्काने पेन घेतलं आणि पहिलं अक्षर काढायला लागली.

मी सहज नजर टाकली. लिहून देणार — बायडाबाई. लिहून घेणार — मल्हार. त्या माणसाने हात सवयीने चालवला होता. रोज दहा बहिणी येतात, ही अकरावी.

मी अक्काच्या हातातून पेन काढून घेतलं. म्हटलं, "अक्का, उलटं लिवलंय. तुम्ही द्यायचं न्हाई, तुम्हाला मिळायचंय."

ती म्हणाली, "मला वाटलं नेहमीसारखंच आसंल."

म्हणजे ही बाई सकाळी आंघोळ करून, आबांना भाकरी करून ठेवून, स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर सोडून द्यायला आली होती! आणि एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला तिचा रागही आला आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. टाइपवाला मान खाली घालून म्हणाला, "ताई, ह्या फॉर्म्याटमधी उलट्या बाजूचं आजवर आलंच न्हाई कुनी." त्याने परत टाइप केलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

सही झाल्यावर अक्काने पिशवीतून टॉवेल आणि टोपी काढली. म्हणजे सगळंच सोडून द्यायचं ठरवून, वर भावाला आहेरही घेऊन आली होती. मल्हारने टोपी घातली. एसटीत शिरूरपर्यंत काढली नाही, आणि खिडकीची जागा मला दिली.

६ मार्च, शुक्रवार

महेंद्र — "सर्व्हर डाऊन हाय, ताई."

१३ मार्च, शुक्रवार

सासरचा दाखला आला! मासिक सभेत मल्हारचं नाव कमी झालं. मॅडमनी फाईलला लावून घेतला. आता फक्त माहेरचा, एवढाच एक कागद.

१८ मार्च, बुधवार

महेंद्र म्हणतो, पाडवा होऊ दे. उद्या पाडवा. पुरणाचं सगळं घरी केलं पण गुढी आप्पांना विचारून लावावी लागणार, गॅलरी त्यांची आहे.

२१ मार्च, शनिवार

महेंद्र फोन उचलत नाही. त्याची बायको म्हणाली, "त्यांस्नी जरा बरं न्हाई." मागे तोच बोललेला ऐकू येत होता.

२४ मार्च, मंगळवार

सुट्टी टाकून स्वतःच गेले. शिक्रापूरला उतरून रिक्षाने गावात. आधी महेंद्रकडे जायचं होतं, पण ग्रामपंचायत वाटेत लागली म्हणून तिथेच शिरले.

ऑपरेटर मुलगी नवीन होती. मी म्हटलं, घर नसल्याचा दाखला हवा. तिने माहेरचं नाव विचारलं. टाइप केलं, थांबली, परत टाइप केलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवला. "तुमचं तर घर हाय की."

पूनम सर्जेराव कोळपे. घरकुल, सन २०१४. शौचालय — आहे.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीचं. घरकुल घरातल्या बाईच्या नावाने निघायचं, आणि आई तेव्हा नव्हती. घरात बाई म्हणजे मी. बापूंनी मला जोत्यासमोर उभं केलं होतं, हातात पाटी दिली होती आणि ग्रामसेवकाने फोटो काढला होता. मला वाटलं, मोठी म्हणून मला उभं केलं. एकदोन कागदांवर सह्याही केल्या असतील. वर्षभरात लग्न लावून दिलं. बापूंनी कधी सांगितलं नाही. लपवलं असं मला वाटत नाही. पोरीच्या नावावर असणं म्हणजे घरच्यांच्याच नावावर असणं, एवढंच त्यांच्या डोक्यात असणार. ते नाव लग्नानंतर कुठे जात नाही, तिथेच राहतं, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

त्या मुलीने घरपट्टीच्या पावत्यांची यादी काढून दिली. दर वर्षीची, माझ्या नावाची. भरणारा महेंद्र.

त्याच्या घरी गेले. माझ्या घरी गेले, असं लिहायला हवं, पण हात वळत नाही. खाली तो, बायको आणि पोरं राहतात. वर त्याने दोन खोल्या चढवल्यात, त्यात उत्तरेकडची कामगार पोरं भाड्याने. मला बघितलं आणि त्याने मान खाली घातली.

"तुला कवापास्नं ठावं हाय?"

"पयल्या घरपट्टीपास्नं." मग म्हणाला, "ताई, सांगितलं असतं तर तू मागितलं असतंस का? न्हाई ना? मग कशाला सांगायचं म्हनलं."

त्याच्या बायकोने चहा केला. मी प्यायले. का प्यायले ते मला अजून कळत नाही.

२५ मार्च, बुधवार

मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी फाईल मिटली नाही, उघडीच ठेवून बोलल्या. घर भावाला लिहून दिलं तरी उपयोग नाही, सरकारी घराचा लाभ माझ्याच नावावर राहणार, वीस वर्षं. २०३४ पर्यंत मी अपात्र. "वाईट वाटतंय हो, पण माझ्या हातात काही नाही," म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत ते बरं वाटलं.

मल्हारला सांगताना त्याच्याकडे बघवेना. त्याचा हिस्सा मी सोडायला लावला. तो बोलेल, ओरडेल, याची तयारी ठेवली होती. तो जेवला, ताट धुतलं. मग म्हणाला, "अक्काला दिलंय त्याचं मला काय न्हाई. पर तुला एवढं राबून हे मिळायला नको होतं." तेव्हा मात्र मी रडले, प्रांजलसमोरच.

३० मार्च, सोमवार

यादी बंद झाली. एकेचाळीस नंबरवर प्रतीक्षायादीतली पहिली बाई. चार पोरं आहेत तिला. तिचं भलं होवो, पण आज मला तिचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून नगरपरिषदेच्या मागच्या दाराने निघाले.

३१ मार्च, मंगळवार

महेंद्रने आपणहून फोन केला. "ताई, आता फ्लॅट तर गेलाच. मंग घराचं हक्कसोड करून टाक की. वरच्या खोल्या मी बांधल्यात."

मी म्हटलं, "वरच्या तू बांधल्यास, तू वर राहा. खालचं मेअखेर रिकामं कर. आम्ही राहायला येतोय."

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.