कायम हसतमुख

मंगळवार, ७ फेब्रुवारी

नोकरी सोडली! हेडफोन काढला, ड्रॉवरमध्ये ठेवला, कोट घेतला आणि निघाले. फोनवरची बाई अजून बोलतच होती — बाळाच्या पाळण्यामागची भिंत ओल येऊन परत काळी पडली म्हणून. तिला पुन्हा एकदा सांगायचं होतं, "तुमची तक्रार नोंदवली आहे." जीभच उचलेना. नोंदवून पुढे काय होतं ते मला माहीत आहे. काहीही होत नाही.

भाड्याच्या घरांच्या कंपनीत इतकी वर्षं भाडेकरूंच्या तक्रारी ऐकल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. डॅडना अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

सांगितलं. डॅड बटाट्याची पॅटी आणि चिप्स खात होते. चिप्सवर लाल मसाला भुरभुरत म्हणाले, "दुसरी बघून ठेवली असशील."

"नाही. जॉब सेंटरला अर्ज करणार आहे. बेकारी भत्त्यासाठी."

डबी खाली ठेवली. "खिरापत घ्यायला? आपल्या घरातून?"

"ताण सहन होत नव्हता, डॅड."

"ताण दोराला येतो, पोरी."

झालं. ट्रॉलरवर मासे धरताना दोन बोटं गेली, तरी पुढच्या खेपेला बोटीवर हजर असलेला माणूस. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. घटस्फोटानंतर या घरात परत आले तेव्हाही असंच — एक शब्द नाही, फक्त माझी खोली रंगवून ठेवली होती.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

जॉब सेंटरची पहिली भेट. सकाळी कपडे मशीनमध्ये टाकायला गेले तर डॅड मध्ये उभे. "आज धुणं नाही."

आमच्या हल बंदरावरची जुनी रीत — घरातलं माणूस निघालं त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत, माणूस वाहून जातं. "डॅड, मी गाडीने गावात चाललेय! आइसलँडला नाही!" तरी हलले नाहीत. मी खिरापत आणायला निघाले होते, पण मी वाहून जाऊ नये, एवढंच बहुधा त्यांचं म्हणणं.

माझं प्रकरण शेरिल नावाच्या बाईंकडे आहे. बऱ्या वाटल्या. विचारलं, "नोकरी का सोडलीत?"

"थोडं जड जात होतं."

"आजारी होतात?"

"छे! तसं काही नाही."

का म्हणाले मी असं?! शेरिल थांबल्या, माझ्याकडे पाहत राहिल्या. मी गोड हसले. मग त्यांनी टाइप केलं.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

नामंजूर. 'योग्य कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडली' — तीन महिने भत्ता बंद. कंपनीला विचारलं होतं म्हणे. कंपनीचं उत्तर: 'कर्मचाऱ्याने कामाबद्दल कधीही तक्रार केली नाही. कायम हसतमुख.'

हे डंकनचं काम, माझ्या साहेबांचं. किती वेळा म्हटलं होतं त्यांना, "डंकन, जरा जड जातंय हं." ते म्हणायचे, "सगळ्यांनाच जातंय, गेनर," आणि बिस्किटांचा डबा पुढे करायचे. आणि मी बाई बिस्किटाबद्दल आभार मानायची!

महिन्याच्या आत फेरविचार मागता येतो.

शनिवार, २५ फेब्रुवारी

डंकनचा निरोप. खुर्ची अजून रिकामी आहे, परत या, झालं गेलं विसरून जाऊ. फोन ठेवला आणि भांडी घासली. सगळी स्वच्छ होती.

घर डॅडच्या पेन्शनवर चाललंय. हीटर आता फक्त बैठकीत. भत्ता नाही मिळाला तर त्या खुर्चीत जाऊन बसावं लागणार. दुसरं काही नाही. उत्तर दिलं नाही.

गुरुवार, २ मार्च

डॉक्टरीण बाई: "कशा आहात?"

मी: "मजेत! तुम्ही?"

"मग इथे कशाला आलात?"

यावर मला रडू फुटलं ते थांबेचना. बाहेरचे पेशंट खोळंबले. त्यांनी रुमालांचा खोका पुढे सरकवला आणि वाट पाहिली. काम करण्याच्या स्थितीत नाहीत, असं लिहून दिलं. पण हे आजपासूनचं. "तुम्ही आधी कधी आलाच नाहीत. मागचं मी कसं लिहू?"

बुधवार, ८ मार्च

फेरविचार मागितला. शेरिलनी विचारलं, "नोकरी सोडण्याआधीपासून त्रास होता हे पाहिलेलं कुणी आहे?"

"नाही. मी कुणाला कळूच दिलं नाही."

वर मान ताठ करून सांगतेय! त्यांनी कपाळावर हात मारायचाच बाकी ठेवला. निर्णय घेणाऱ्या बाई फोन करतील म्हणाल्या.

गुरुवार, १६ मार्च

फोन नाही. डंकनना 'येते' असं लिहिलं. पाठवलं नाही.

मंगळवार, २१ मार्च

आला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो. फोन कानाला लावायची अजून भीती वाटते, म्हणून स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

बाईंचा आवाज ओळखीचा — म्हणजे त्या नव्हे, तो सूर. मीही असंच बोलायची. "आज कशा आहात, गेनर?"

"बरी आहे, थँक्यू. तुम्ही?"

डॅडनी सुरी खाली ठेवली. बटाटे सोलत होते. फोनपाशी वाकून ओरडले (फोनवर ते नेहमी ओरडतात), "ती बरी नाही!"

"कोण बोलतंय?"

"बाप!"

बाईंनी मला विचारलं, यांनी बोललेलं चालेल का. मी हो म्हटलं. मला वाटलं एखादं वाक्य बोलतील.

"हिवाळा लागल्यापासून कामावरून यायची आणि दारासमोर गाडीतच बसून राहायची. काळोखात. मी पडद्याआडून बघायचो. चहा ओतून ठेवायचो, गार व्हायचा, फेकायचो, परत करायचो. जेवताना फोन वाजला की हिच्या हातातला काटा पडतो. हेडफोन नसतो तरी कान चाचपते. झोपेत बोलते, 'नोंदवली आहे, नोंदवली आहे.' भिंत पातळ आहे आमची."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणजे मला होतं. त्यांना आहे हे ठाऊक नव्हतं.

बाईंनी विचारलं, "मग तेव्हा तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत?"

"आमच्यात बोलत नाहीत, बाई."

पलीकडून टाइप करण्याचा आवाज. बाईंनी तारखा विचारल्या, डॅडनी सांगितल्या — हे नाताळच्या आधी, ते नंतर. फोन ठेवल्यावर परत सुरी उचलली. मी त्यांच्या पाठीला टेकून उभी राहिले. "बटाटे," म्हणाले. पण हलले नाहीत.

गुरुवार, ३० मार्च

मंजूर! बंदी उठवली, मागचाही भत्ता देणार. शेरिलनी स्वतः फोन करून सांगितलं. मी उचलला! डंकनना लिहिलं: येणार नाही. हे मात्र पाठवलं.

डॅडना सांगितलं. "हं," म्हणाले आणि बराच वेळ परसात जाऊन उभे राहिले. मला वाटलं, खिरापतीची लाज वाटत असणार.

रविवार, २ एप्रिल

नाश्त्याला डॅड म्हणाले, "तुझं झालं ना सगळं नीट? मग माझं सांगतो. रक्त जातंय मला."

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून. तुझं मार्गी लागेपर्यंत थांबलो होतो."

उद्या दवाखाना उघडला की पहिला फोन माझा असेल.