हवा धरायची की नाही

८ जुलै, मंगळ.
शनिवारी म्युनिसिपालटीच्या शाळेत सातवीवर माझा ट्रायल तास. मराठीत! जमला तर वर्षभर सायन्स क्लब माझा. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मजा येऊ दे, पण चुकीचं काही सांगू नकोस." मास म्हणजे वस्तुमान. डेन्सिटी म्हणजे घनता. पाठ करतेय, जीभ अडकतेय.

९, बुध.
तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सीझन बॉल आणि त्याच मापाचा प्लॅस्टिकचा, एकदम सोडले. खाली शेजारच्या तावडेकाकू अंपायर. "एकत्रच पडणार बघा!" मी वरून.
"पयलो सीझन गो! प्लॅस्टिकवालो मागसून."
तीनदा. तिन्ही वेळा तेच.
"तुझा पुस्तक चुकला काय?"
जेवण गेलं नाही. बारावीपर्यंत फिजिक्सच्या प्रत्येक गणितात 'निग्लेक्ट एअर रेझिस्टन्स', म्हणजे हवेचा अडथळा धरायचा नाही, असं लिहून हवाच संपवली. मार्क पैकीच्या पैकी.

१०, गुरु.
माप सारखं, म्हणजे हवा दोघांना सारखीच अडवते. पण प्लॅस्टिकवाल्याचं वस्तुमान कमी, म्हणून तो जास्त रखडतो. बरोबर ना? बरोबर.
काकू उशा भरून देतात. त्यांच्याकडून मूठभर सावरीचा कापूस आणला. मोकळा सोडला तर दुसऱ्या मजल्यावरच्या चादरीवर जाऊन बसला. तोच दाबून, दोऱ्याने करकचून बांधला. सरळ खाली! वस्तुमान तेच (दोरा सोडून). घनता वाढली, आकार आटला, हवेला अडवायला जागाच कमी.
काकू: "म्हणजे घट्ट असला की आधी पडता?"
हो म्हणणार होते. नाही! हवा नसेल तर दोन्ही एकत्र.
"हवा नाय अशी जागा खय असा?"
कुठे? आमच्या गॅलरीत तरी नाही.

११, शुक्र.
सकाळपासून पुस्तकावर कागद ठेवून पाडतेय, कागदापुरती तरी हवा हटते का बघायला. कागद सोबतच उतरतो, खालची हवा पुस्तक बाजूला सारतं. आई: "फाड सगळी पुस्तकं, एकदाची सुटशील."
वस्तुमानाऐवजी 'जडपणा' म्हणू? पण काकू घट्ट उशीलाही जड म्हणतात. नको.

१२, शनि.
कापूस हिट. अर्धा वर्ग बाकांवर चढलेला. मग पहिल्या बाकावरची मुलगी, "ताई, हवा नसताना एकत्र पडतात, तुम्ही बघितलंय?"
"व्हिडिओत. स्वतः नाही."
"मग आम्ही का मानायचं?"
वर्ग हसत सुटला. मॅडम मागे बसून लिहीत होत्या.
"आत्ता नको मानूस. हवा कमी कमी करत जाऊ. फरकही कमी होत गेला, तर मान."
कुठून आलं तोंडात, माहीत नाही.
गेटवर मॅडम: "हवा कमी कशी करणार?"
"सोमवारी सांगते."
"मग क्लबचं मीही सोमवारीच सांगते."