टपटप हे लक्षण

२ मार्च, सोमवार
कंपनीने प्रशिक्षणाला पाठवलं. विषय: मानसिक त्रास असलेल्या भाडेकरूंना आधार कसा द्यावा. इतकी वर्षं इमारतीचा मॅनेजर आहे, भाडेकरूंनी मला दिलेल्या त्रासावर कुणी शिबिर घेतल्याचं ऐकलं नाही. हॉलच्या गालिच्याला ओल्या मोज्यांचा वास. चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी. शेजारी बसलेला मॅनेजर चहात पडलेलं बिस्किट बोटाने काढून खात होता. बोट नंतर माझ्या खुर्चीला पुसलं.
प्रशिक्षक बाई मात्र मुद्द्याचं बोलल्या. भाडेकरू बोलू लागला की उपदेश करायचा नाही, त्याचंच म्हणणं त्याला परत सांगायचं. आपलं कुणी ऐकतंय असं त्याला वाटतं. हे मला उपजतच येतं.
दुपारचं सत्र चुकलं. आमटीत केस निघाला, त्याचा जाब विचारत स्वयंपाकघरात उभा होतो. महत्त्वाचं काही नसणार.

४ मार्च
पहिली केस मिळाली. दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरबाई, बरोबर माझ्या क्वार्टरच्या वर. एकट्या असतात, डॉक्टरची औषधं चालू आहेत. शेजाऱ्यांची तक्रार: दार उघडत नाहीत, खोलीतून कुबट वास येतो. वरिष्ठांचं फर्मान: महिनाअखेर सुधारणा दिसली नाही तर खोली खाली करून घ्या. म्हटलं, निर्धास्त राहा. ही केस मार्गी लागली की पुढच्या शिबिरात व्यासपीठावर मी.

५ मार्च, सकाळी
नाकाला रुमाल लावून गेलो. रुमालाआडून हसलो, दिसलं असावं. बाईंनी दार वीतभर उघडलं. म्हणाल्या, नळ गळतोय. मी मऊ आवाजात म्हटलं, म्हणजे तुम्हाला वाटतं की नळ गळतोय. म्हणाल्या, वाटत नाही, गळतोय. मी म्हटलं, तुम्हाला अगदी ठामपणे वाटतंय. दार लागलं.
पहिल्याच भेटीत बोलत्या झाल्या. प्रगती उत्तम.

९ मार्च
आज आत घेतलं. किळस आली. जमिनीवर ओली फडकी, पातेली, बादल्या, एक कढईसुद्धा. वस्तू साठवण्याची खोड, याबद्दल शिबिरात सांगितलं होतं. झोप लागत नाही म्हणाल्या. का, तर सारखी टपटप ऐकू येते. आवाज ऐकू येतात! जपून टिपून घेतलं.
बाई म्हणाल्या, साहेब, मला काय होतं ते मला ठाऊक आहे, औषधं मी वेळेवर घेते, झोप मोडली की मात्र मी मोडते, तुम्ही नळाचं बोला. मी म्हटलं, तुम्हाला नळाबद्दल बोलायचंय. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मौनालाही जागा द्यायची असते. दिली.
ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी विचारलं, प्लंबरला फोन लावू का. त्यांना समजावलं की रोग मनात असतो, नळात नसतो. त्यांनी हं केलं. शिकलेल्या माणसाला हं करण्याची ही पद्धत मला आवडत नाही.

१३ मार्च
टेलरबाईंची शेजारीण जिन्यात अडवून म्हणाली, वास वाढलाय, तुम्ही रोज वर जाऊन करता काय. म्हटलं, ऐकतो. म्हणाली, मग नाकानेही ऐका जरा. तिच्या तोंडाला कांद्याचा वास. या लोकांसाठी मी झिजतोय.

१७ मार्च
आता मलाही टपटप ऐकू येते. बेडरूममध्येच जास्त. दुसऱ्याचं दुःख वाहता वाहता ते आपल्यातही झिरपतं म्हणतात. माझी संवेदनशीलता इतकी असेल असं मलाही वाटलं नव्हतं.
बायको म्हणते, छताला पोपडे धरलेत, वरून पाणी येतंय. मी म्हटलं, म्हणजे तुला वाटतं की वरून पाणी येतंय. हिने बॅग काढली.

१८ मार्च
ही भावाकडे गेली. जाताना म्हणाली, ऐकून घेणारा नवरा नको, ऐकणारा हवा होता. फरक कळला नाही. सिंकमध्ये भांडी तुंबलीत, वरच्या तवंगाकडे बघवत नाही. उद्या घासेन.

२४ मार्च
टेलरबाईंनी शिलाई मशीन चादरीत बांधून दाराशी ठेवलंय. म्हणाल्या, तुम्ही काढायच्या आधी मीच निघते, या खोलीतच मी सावरले होते, आता जायचं कुठे ते सुचत नाही. तंत्र आठवलं. म्हटलं, तुम्हाला जायचंय.
त्यांनी मान खाली घातली. अहवालात ‘स्वतःहून निर्णय घेऊ लागल्या’ असं लिहिलं.

२७ मार्च, दुपार
छत पडलं. माझ्या पलंगावर, मी नसताना. काळपट लगदा, त्यात गंजलेली सळई, वास तोच कुबट. वरिष्ठ, क्लार्कबाई, टेलरबाई, सगळे पलंगाभोवती उभे. वरिष्ठांनी विचारलं, नळ कधीपासून गळतोय. टेलरबाई म्हणाल्या, साहेबांना विचारा, मी त्यांना रोज सांगत होते आणि ते मला रोज सांगत होते.
वरिष्ठांनी प्रशिक्षक बाईंना फोन लावला. दुपारच्या सत्रात एकच गोष्ट शिकवली होती म्हणे: जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते आधी दुरुस्त करा.

३० मार्च
टेलरबाईंना तळमजल्यावरची कोरडी खोली मिळाली, कायमची. मशीन चालल्याचा आवाज येतो. शांत झोपतात म्हणे. माझ्या केसला यश आलं, मात्र कुणी तसं म्हणत नाही.
क्वार्टर राहण्यालायक नाही. पडला तो छताचा खालचा थर, वरची खोली शाबूत आहे, तेव्हा तूर्त मी तिथे राहावं असा आदेश. नळाचं आणि छताचं कंत्राट एकत्रच निघणार, वेळ लागेल. बाई बादल्या ठेवून गेल्यात. कढई नेली.

६ एप्रिल
आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. शेजारीण वासाची तक्रार करून गेली, या खेपेस माझी. क्लार्कबाई कालच शिबिराहून आल्या, दोन्ही सत्रं पूर्ण करून. त्यांना फोन केला. सांगितलं, नळ गळतोय.
अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या, म्हणजे साहेब, तुम्हाला वाटतं की नळ गळतोय.
मी म्हटलं, वाटत नाही, गळतोय.
म्हणाल्या, बोला साहेब, मी ऐकतेय.