बूटच्या मागणीला लावलेली कात्री

जामबाग, हैदराबाद

श्री. उदयराव यांना सासरे तातेराव यांचा सप्रेम जय भीम.

आम्ही मजेत आहोत. आपला रक्तदाब कसा आहे? (अपर्णा फोनवर ‘बरा आहे’ म्हणाली, पण ती माझ्या रक्तदाबाबद्दलही लोकांना तेच सांगते.) फोनवरच बोललो असतो, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं बोलणं घरभर ऐकू जातं, म्हणून पत्र.

एप्रिलमध्ये जयंतीला आलात तेव्हा आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका असं सुचवलंत आणि गाडीची वेळ झाली म्हणून चिठ्ठी लिहून ठेवलीत : बूटसाठी वेगळी जागा, एक जीबी, फाइल सिस्टिम एक्स्ट-फोर. जावई म्हणून आदर आहेच, पण मागणी वाचून हसू आलं. बूटचं काम काय, तर सकाळी मशीनला उठवायचं आणि मग दिवसभर बसून राहायचं. एवढ्यासाठी एक जीबी? मी कॉलेजात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. खडूचे दहा डबे मागितले की दोन द्यायचो, आणि कॉलेज चाललं. (मुलं शिकली का, हा दुसऱ्या खात्याचा प्रश्न.)

त्याच नियमाने लिनक्स टाकताना एक जीबीचे दोनशे एमबी केले. फाइल सिस्टिम, म्हणजे फायली मांडायची पद्धत, चार नंबरची मागितली होतीत, मी दोन नंबरची मंजूर केली. यादीत एक्स्ट-टू होतीच. एक्सएफएस, बीटीआरएफएस अशी भारदस्त मंडळीही रांगेत होती, पण ती नावावरूनच वरच्या ग्रेडची वाटली. कोठी बाजारातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, ‘चाचा, जमाई बोले वोइच डालो, दिमाग नक्को लगाओ.’ दुकानदार आपला माल खपवायला बोलतात हे मी ओळखून आहे. (यात त्याला खपवायचं काहीच नव्हतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं.)

तीन-चार महिने मशीन बिनतक्रार उठलं. मी मनकर्णाला रोज ऐकवत होतो की तुझा जावई उधळ्या आहे. मग कळलं की लिनक्स दर थोड्या दिवसांनी नवा कर्नल, म्हणजे आपला गाभाच, मागवतं आणि जुनाही अडीनडीला असावा म्हणून बूटमध्येच ठेवतं. मंगळवारी नवा आला, त्याला शिरायला जागा नाही. तो दारात अडकलेला असतानाच मी बेगम बाजारला निघालो आणि निघताना मेन स्विच बंद केला. (माझी शिस्त आपल्याला ठाऊक आहे.) एक्स्ट-फोर काही लिहिण्याआधी वहीत नोंद करतं, म्हणून मध्येच वीज गेली तरी सावरतं म्हणे, एक्स्ट-टूकडे ती वहीच नाही. जन्मभर स्टॉक रजिस्टर छातीशी धरलेल्या माणसाने घरात बिनरजिस्टरचा कारकून नेमला! परत येऊन पाहतो तर पडदा काळा.

आपल्या मेहुणीचा, रेणुकाचा, पाच वर्षांचा प्रबंध त्याच मशीनमध्ये आहे आणि सोमवारी विद्यापीठात द्यायचा आहे. तिने एकच विचारलं, ‘पप्पा, दोनशे एमबी कोण बोलले?’ मी म्हणालो, ‘दाजी.’ तिला ते पटलेलं दिसत नाही, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवते आणि जाते.

अपर्णाला आणि मुलांना आशीर्वाद. मोठ्यांशी वाद घालू नये हे त्यांना शिकवत चला.

आपला,
तातेराव

ता.क. : शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन निघा. मनकर्णा वरणफळं करणार आहे.

ता.क. २ : पेनड्राइव्ह राहू द्या. रेणुकाने मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं आणि बूट नव्याने केलं, एक जीबी, एक्स्ट-फोर. प्रबंधाचं एक अक्षरही हललेलं नाही. तरी आपण या, आणि दोनशेचा आकडा आपलाच होता एवढं तिला सांगा. आपण नांदेडला राहता, मेहुणी दोन दिवस रागावेल आणि विसरेल. मला मात्र ती बोलत नाही तर घर खायला उठतं. मी स्वतःच कबूल करणार होतो. काल धीर करून तिच्यासमोर बसलोही, पण तोंडातून पुन्हा आपलंच नाव आलं.