भामेचा चावा आणि गुलाबाचा काटा

नल्लकुंटा, हैदराबाद
माघ, सन १९४९

चिरंजीव मुकुंदराव यांस,

नांदेडच्या थंडीत तुमचा खोकला दबला असेल आणि मुलंबाळं दंगा करण्याइतकी धडधाकट असतील, असं धरून चालतो व आशीर्वाद पाठवतो. इकडे तुमच्या थोरल्या भगिनी सावित्रीबाई ठणठणीत, मी निम्मा. अक्षर वाकडं दिसेल. उजव्या हाताचं बोट पट्टीतून नुकतंच सुटलंय.

झालं असं, की पंधरवड्यापूर्वी अंगणात गुलाबांपाशी बसलो होतो. पोलीस ॲक्शनला महिने उलटले, कचेरीतली उर्दू आता जाणार म्हणतात, आणि मला आपले आठवत होते लहानपणीचे मराठीचे मास्तर (कविता हातवारे करूनच म्हणायची, नाहीतर छडी). तेव्हाची पाखराची कविता म्हणू लागलो. पाखरू उडतं त्या ओळीला रिवाजाप्रमाणे बोटं फडफडवली. आमची मांजर भामा शेजारीच पहुडली होती. तिला अभिनय पटला. तिनं पाखरू धरलं.

आता हे घरात सांगायची सोय नव्हती. भामेनं सोवळ्यातल्या दह्यात तोंड घातल्यापासून सावित्रीबाईंनी बजावलं होतं, की आणखी एक आगळीक झाली तर पोत्यात घालून गौलीगुड्याच्या बाजारात सोडून येईन. तिथल्या कुत्र्यांत आमच्या भामेचा निभाव कसला लागणार? म्हणून सांगितलं, गुलाबाचा काटा लागला. (जखम निदान शोभेशी तरी असावी.)

दुसऱ्या दिवशी बोटाचं वांगं झालं. हिमायतनगरचे डॉक्टर हणमंतराव आले. त्यांनाही काटाच सांगितला, त्यांनी काट्याच्या बेतानं सल्फाच्या गोळ्या दिल्या. प्रत्येक गोळीवर तांब्याभर पाणी. मी पाणी पीत राहिलो आणि सूज वर चढत राहिली, ती थेट शेरवानीची बाही चढेना इथपर्यंत. डॉक्टर पुन्हा आले, चष्मा पुसून बोट न्याहाळत म्हणाले, "अप्पाराव, काट्याला अशी शेजारी-शेजारी दोन टोकं नसतात. बोट ठेवायचंय की नाही?"

सावित्रीबाई काढा घेऊन दारातच उभ्या. मी भामेकडे पाहिलं, मग बोटाकडे. बोटानं ठणका मारला आणि मी कबूल झालो.

डॉक्टरांचं म्हणणं, मांजराचा दात म्हणजे सुई. भोक वरून मिटतं, घाण आत खोल राहते, तिथं या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. पू काढला आणि पेनिसिलिनच्या सुया सुरू केल्या (कुठं, ते वडीलधाऱ्या माणसानं लिहू नये). निघताना त्यांनी फर्मावलं, की मांजर घराबाहेर जाता कामा नये. बांधून ठेवा, खाऊपिऊ घाला, नजर ठेवा. ती पिसाळली किंवा मेली, तर यांना पोटात पिसाळलेल्या कुत्र्याच्या सुया.

पोतं शोधायला निघालेल्या सावित्रीबाई पहाऱ्याला बसल्या. पहिल्या दिवशी भामेपुढे दूध आदळलं, पुढे ते कोमट होऊ लागलं, मग त्यात साय आली. भामेनं शिंक दिली तर या हातातलं काम टाकून धावतात. रात्री पांघरूण घालायलासुद्धा उठतात (भामेला). माझ्याशी बोलल्या त्या एकदाच. "मुकं जनावर, चावलं. तुम्ही इतक्या वर्षांच्या बायकोला काटा सांगितलात?"

मी पुढ्यातला काढा एका घोटात संपवला.

बोटाला गुण आहे. मुलांच्या पाठीवरून माझा डावा हात फिरवावा.

तुमचा,
अप्पाराव

ता. क. भामा ठणठणीत आहे, डॉक्टरांनी पहारा उठवला. आता तिला काही दिवस तुमच्याकडे धाडावी, असं भीत भीत सुचवून पाहिलं. उत्तर आलं, "ती कुठंही जाणार नाही." जोर 'ती'वर होता.

आणखी ता. क. तेव्हा शनिवारच्या गाडीनं मीच येतो. स्टेशनवर या, आणि त्याआधी तुमच्या बहिणीला चार ओळी लिहून राग किती दिवसांचा आहे ते काढून घ्या. तुमच्या घरी मांजर नाही ना?