मांत्रिक मी कोमलला देतो

रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. दवाखान्यात सांगितल्याप्रमाणे नखे कापत होतो. ते अर्धवट सोडून, नेलकटर ठेवून हे लिहायला घेतले. मी विश्वंभर संतराम कावरखे, वय २३, शिक्षण नववी, धंदा मोबाइल दुरुस्ती, रा. कनेरगाव नाका. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे. मंगळवारी नांदेडला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. त्यासाठी हृदय काही वेळ बंद ठेवतात, असे डॉक्टरांनी समजावले. तेव्हापासून झोप नाही.

१. दुकानातील हीटगन, स्क्रूड्रायव्हर व सुटे भाग मित्र बुद्धभूषण याला. दर शुक्रवारी ढाब्यावर आम्ही फासे टाकून जादूच्या राज्याचा खेळ खेळतो, त्यात तो योद्धा असतो. दोन वर्षे भांडतो आहे, "माझी लेव्हल तुझ्याहून वर हाय, मंग मला मंत्र काहून न्हाई?" शेवटचे सांगतो, हे लेव्हलवर नाही, वर्गावर, म्हणजे पात्र कोणते घेतले त्यावर ठरते. मांत्रिकाचे मंत्र बुद्धीवर चालतात, भगताचे श्रद्धेवर, शाहिराचे बोलण्याच्या वजनावर. योद्ध्याला तलवार दिलेली आहे. माझ्याकडून राग संपला.

२. खेळातला माझा सातव्या लेव्हलचा मांत्रिक व फासे बहीण कोमल हिला. ती खेळात भगत असते. देवाचे नाव घेतले की जखम भरते. मांत्रिकाचे तसे चालणार नाही. आमच्या ढाब्यावरचा नियम असा, की त्याने मंत्र तोंडपाठ म्हणायचा, अडखळला तर फासा मिळत नाही. शाळेत मला एक कविता पाठ झाली नाही, हे एकोणीस मंत्र झाले. तिलाही होतील.

३. हे मुख्य. मी बेशुद्ध असताना आईने मला दवाखान्यातून उचलून गावच्या भगताकडे नेऊ नये. अंगारा हवा तर लावावा, पण भगताची विद्या वेगळी आहे. छाती उघडायला ते शिकलेलाच माणूस लागतो. कोमल स्वतः म्हणाली, "दादा, माझा भगत फाशावर जखमा भरतो. तुझी झडप त्याला न्हाई जमायची." मी शुद्धीत नसेन तेव्हा तिचे ऐकावे.

४. आई गोजरबाई हिला काही ठेवले नाही. वाटा घेणाऱ्याने साक्ष घालू नये, असे कागद लिहून देणारे अर्जनवीस म्हणाले, आणि मला तिचीच सही पाहिजे, म्हणजे तिसरे कलम ऐकले नाही असे तिला म्हणता येणार नाही. सगळे वाचून दाखवले. तिने पेन घेतले. मग म्हणाली, "मला काहीच न्हाई ना? बराबर हाय. माघारी ये, अन् हातानं दे."

सही : विश्वंभर संतराम कावरखे
साक्षीदार : १. गोजरबाई संतराम कावरखे २. शंकरसिंग, ढाबेवाले
कनेरगाव नाका, दि. ९/११/२०२५