वैलावरच्या कण्या

पुणतांबा, १९७१

मनकर्णाबाईस,

पोर होत न्हाई म्हणून मालकांनी तुला बेलापूरला माहेरी धाडून बावीस वर्षं झाली, तरी तू माझ्या चुलीपुढून उठत न्हाईस. नगरला त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. अन्नाची अर्धी पिशवी कापली. डॉक्टर म्हणले, मऊ शिजवून थोडं थोडं द्या. मी रोज ज्वारी भरडते, बोटात विरतील अशा कण्या शिजवते. दोन घास खातात आन् वाटी सारतात. काल म्हणले, "मनकर्णा कण्या जाळावर न्हाई, बाजूच्या वैलावर ठेवायची."

चार लेकरं मी दिली, उलट्या मी काढते, आन् नाव तुझं! मी वाटी आपटली. म्हणलं, "मग जा बेलापूरला!" तर हसले. ऑपरेशनपासून पहिल्यांदा हसले, तेबी तुझ्या नावावर.

दुपारी मी गुपचूप वैलावर ठेवून बघितलं. बुडाला लागलं, तसंच दिलं. चाखून म्हणले, "जवळ आलीस."

लई जिवाला लागलं. हे कार्ड टपालात टाकीन का चुलीत घालीन, अजून ठरलं न्हाई. पण त्यांच्या अंगावर नुसती हाडं राहिलीत. ताक आधी घालायचं का उतरवल्यावर? झाकण ठेवायचं का न्हाई? किती वेळ? सोमवारी डॉक्टर वजन करणार हायेत, तवा शनिवारच्या आत कळव. लिहून सांगता येत नसंल तर शनिवारी सकाळच्या गाडीनं ये. कण्या तू शिजव.

भरवीन मीच.

त्यांची बायको,
गोजरबाई